ठोका चुकत नाही, आधी येतो

"डॉक्टरबाई, छातीत मासा उडतोय," खुर्चीत बसता बसता मावशी म्हणाल्या. "मेलेला नाय, जिवंत. एकदाच फडाक् करतो नि गप. मग घटकाभर काय नाय. परत फडाक्."

मावशी पहाटे ससून डॉकवरून माल उचलतात आणि लालबागला विकायला बसतात, त्यामुळे उपमा घरचीच होती. वीस-बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या एका तक्रारीची इतकी वर्णनं ऐकली आहेत की वही भरेल. बँकेत नोकरी करणारी एक जण म्हणाली, दादरचा पूल उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं होतं. बारावीतला मुलगा म्हणाला, लिफ्ट अचानक सुटल्यासारखं. तीस वर्षं गिरणीत माग चालवलेल्या एका आजोबांनी सांगितलं, "धोटा मध्येच अटकला की माग गचका खातो ना, तसं." आजोबांचं वर्णन मला आजवरचं सगळ्यांत अचूक वाटतं. का, ते पुढे येईल.

आपल्या भाषेत यासाठी तयार वाक्प्रचार आहे, काळजाचा ठोका चुकला. मुलगा रात्री अकरापर्यंत घरी आला नाही, फोन लागत नाही, की आईच्या काळजाचा ठोका चुकतो. वाक्प्रचार सुंदर आहे, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने बहुतेक वेळा चुकीचा. ठोका चुकलेला नसतो. तो वेळेच्या आधी आलेला असतो. एवढं नीट कळलं की या दुखण्याची निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी काही वेळा योग्य असते, तिच्याकडे नंतर येते.

भारतमाताच्या स्टॉपवरची बस

हृदयाच्या उजवीकडच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, सायनस नोड. आपण शांत बसलेलो असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेची बारीकशी ठिणगी टाकतो. ठिणगी वरच्या दोन्ही कप्प्यांतून पसरते आणि मधल्या नाक्यावर, म्हणजे एव्ही नोडपाशी, सेकंदाचा दहावा हिस्सा थबकते. तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं. मग ठिणगी खालच्या कप्प्यांत शिरते, ते आवळतात, रक्त अंगभर जातं. हा एक ठोका. दिवसाला असे लाखभर. मधला नाका जपानच्या सुनाओ तवारांनी १९०६ मध्ये दाखवून दिला आणि मूळ ठिणगीची जागा १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिश जोडीने.

यातली गंमत अशी की ठिणगी टाकायची कुवत हृदयातल्या इतर पेशींतही असते. सायनस नोड बंद पडला तर कुणीतरी काम चालवावं म्हणून केलेली ती सोय आहे. पण कधीतरी यातलीच एखादी पेशी, बोलावलेलं नसताना, मध्येच ठिणगी टाकते. ढोल-ताशा पथकात एखादा नवा पोरगा उत्साहात टिपरू आधीच मारतो, तसं. या आगाऊ ठोक्याला डॉक्टर एक्टोपिक म्हणतात. वरच्या कप्प्यातून आला तर एपीसी किंवा पीएसी, खालच्यातून आला तर व्हीपीसी किंवा पीव्हीसी. रिपोर्टवर ही अक्षरं दिसली की लोक घाबरतात. अर्थ इतकाच, की ठोका आधी आला.

मग 'चुकल्यासारखं' का वाटतं? भारतमाताच्या स्टॉपवर उभे आहात असं समजा. दर दहा मिनिटांनी बस येते आणि तेवढ्या वेळात स्टॉपवर माणसं जमतात. एक दिवस आधीची बस जाऊन तीन मिनिटं होत नाहीत तोच एक जादा बस येते. स्टॉपवर चारच माणसं. ती चार घेऊन ती जवळजवळ रिकामी निघून जाते. मागोमाग वेळापत्रकातली बस येते, पण आत्ताच तर बस गेली म्हणून ड्रायव्हर न थांबता पुढे काढतो. आता पुढची बस येईपर्यंत स्टॉपवर रांग वळसा घालते, आणि ती बस दरवाजाला लोंबकळणाऱ्यांसकट, खचाखच भरून सुटते.

हृदयात हुबेहूब हेच होतं. आगाऊ ठोका पडतो तेव्हा कप्पा पुरता भरलेला नसतो, त्यामुळे तो दुबळा असतो. पुष्कळदा मनगटापर्यंत पोचतही नाही. त्याच्या मागून वेळेवर आलेली ठिणगी वाया जाते, कारण खालचे कप्पे अजून दमलेले असतात. मग लांबलेली शांतता. आणि त्यानंतरचा ठोका नेहमीपेक्षा जास्त रक्त घेऊन जोरात आदळतो. (आगाऊ ठोका वरच्या कप्प्यातला असेल तर सायनस नोडचं घड्याळच नव्याने सुरू होतं आणि ही शांतता जरा आखूड असते.)

म्हणजे छातीत जे 'धस्स' होतं तो बहुतेक वेळा बिघडलेला ठोका नसतोच. तो त्यानंतरचा, चांगला, जरा जास्तच भरलेला ठोका असतो. धोटा अटकल्यानंतरचा गचका. आजोबांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

कधीकधी एक साधा, एक आगाऊ, एक साधा, एक आगाऊ अशी जोडगोळी बराच वेळ चालते. त्यात एक फसगत होते. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहेत. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांनी रात्री अकराला फोन केला, "मॅडम, नाडी ३८ दाखवतंय, पेसमेकर लागणार का हो?" ईसीजीत ठोके होते ७६. प्रत्येक दुसरा ठोका आगाऊ होता, बोटापर्यंत पोचत नव्हता, आणि यंत्र बिचारं बोटापर्यंत पोचलेलेच मोजत होतं. बीपीच्या डिजिटल मशीनचंही असंच होतं. काकांना पेसमेकर लागला नाही. मात्र अशी नाडी आकड्यावरून घरी बसून उलगडत नाही, त्यासाठी कार्डिओग्राम काढावाच लागतो.

हे होतं कुणाला

जवळपास सगळ्यांना. धडधाकट माणसाला २४ तास यंत्र लावून ठोके नोंदवले तर बहुतेकांच्या नोंदीत एखाददुसरा तरी आगाऊ ठोका निघतो. वय वाढतं तसे ते वाढतात. पुष्कळांना आयुष्यभर पत्ता लागत नाही आणि काहींना एकूण एक जाणवतो. मी दुसऱ्या गटातली. पहिला मला एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या रात्री जाणवला, आणि पुस्तक समोर उघडं असूनही मी आता मरणार अशी माझी खात्री झाली होती. म्हणून कुणी घाबरून आलं तर मी हसत नाही.

रात्री, त्यातही डाव्या कुशीवर झोपल्यावर, ते जास्त कळतात. हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं आणि गल्लीही शांत असते. दिवसा लोकलच्या गर्दीत तेच ठोके असतात, पण तिथे कुणाला ऐकू येणार.

ठिणग्या वाढवणाऱ्या गोष्टींत मी झोपेला पहिला नंबर देते. गणपतीचे दहा दिवस लालबागला कुणी झोपत नाही. दर्शनाची रांग रात्रभर, कार्यकर्ते चहावर जगतात. विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे 'धडधड' म्हणून येणारी पोरं ठरलेली असतात. पंचविशीतली, तब्येतीने उत्तम. आठ तास झोपायला सांगते. निम्मी परत येत नाहीत.

नंतर ताप, अंगातलं पाणी कमी होणं (ऑक्टोबरच्या उन्हात किंवा जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करताना हे फार दिसतं), जुलाब-उलट्यांत कमी झालेलं पोटॅशियम, दारू, सिगारेट. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण 'तंबाखू खाता का' विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. 'दात कशाने घासता' असं विचारावं लागतं. याशिवाय थायरॉइड वाढलेला असणं, गरोदरपण, पाळी जायचा काळ, आणि रक्त कमी असणं, जे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की बाईला धडधड होते म्हटलं की मी स्टेथोस्कोपच्या आधी पापणी खाली ओढून बघते.

चहा-कॉफीचं सगळे विचारतात. २०२३ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १०० निरोगी माणसांना दोन आठवडे काही दिवस कॉफी प्यायला आणि काही दिवस वर्ज्य करायला सांगितलं आणि छातीवर यंत्र लावून ठेवलं. वरच्या कप्प्यातल्या आगाऊ ठोक्यांत लक्षणीय फरक पडला नाही. खालच्या कप्प्यातले कॉफीच्या दिवशी वाढले आणि झोप सुमारे ३६ मिनिटांनी घटली. म्हणून माझं सांगणं असं : दोन कटिंगने काही बिघडत नाही, पण तुम्हाला स्वतःला संबंध जाणवत असेल तर आठवडाभर बंद करून बघा. रात्री नऊनंतरचा चहा मात्र सोडाच.

औषधंही तपासा. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी धडधड वाढते. दम्याच्या पंपानेही वाढते, पण म्हणून पंप परस्पर बंद करू नका, दमा जास्त धोक्याचा. आणि सगळ्यांत मोठी मुंबईकर सवय म्हणजे 'गॅस'. छातीत काहीही झालं की गॅस, आणि केमिस्टकडून गॅसची कॅप्सूल. पोट तट्ट फुगलं की हे ठोके वाढतात, हे खरं आहे. पण त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन असतं. जास्त मात्रेत, साठीनंतर, किंवा काही ठरावीक अँटिबायोटिकांच्या जोडीला ते हृदयाची विजेची लयच बिघडवू शकतं. म्हणजे ज्या कारणासाठी गोळी घेतली तेच कारण वाढवायचं. शिवाय हार्ट अटॅकही सुरुवातीला गॅससारखाच वाटतो. लालबाग-परळमध्ये 'गॅस आहे' म्हणून रात्र काढलेली किती माणसं सकाळी उशिरा पोचली, ते आठवलं की मला या शब्दाचा राग येतो.

तीन बोटं आणि एक मिनिट

डावा तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या घडीपासून दोन बोटं खाली, उजव्या हाताची मधली तीन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्याने बघू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची पद्धत इथे उपयोगाची नाही. दुसऱ्या कुणाला तुमची नाडी बघत मोकळ्या हाताने टेबलावर ताल वाजवायला सांगितलं तर आणखी चांगलं, कारण आकड्याइतकीच इथे लय महत्त्वाची आहे.

टक, टक, टक, मग जरा मोठी फट, पुन्हा टक, टक. म्हणजे लय मूळची ठीक आहे आणि मध्येच एक जागा गाळली जाते. हा आपला एक्टोपिक.

दुसरा प्रकार असा, की ताल सापडतच नाही. पत्र्यावरून पागोळ्या गळतात तशा दोन लगेच, एक उशिरा, तीन घाईत, पुन्हा एक. कितीही वेळ बोट ठेवलं तरी पुढचा ठोका कधी पडेल सांगता येत नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात वरचे कप्पे आवळत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की लकवा. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो, आणि गंमत म्हणजे कित्येकांना धडधड अजिबात जाणवत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे बटण दाबल्यासारखा अचानक सुरू होणारा वेग. मिनिटाला १५० ते २२०, एकदम नियमित, मोजता येणार नाही इतका भराभर, आणि तसाच अचानक बंद. याला एसव्हीटी म्हणतात. तरुणांत, त्यातही मुलींत, हा बराच दिसतो आणि वर्षानुवर्षं 'टेन्शन घेते' म्हणून निकालात काढला जातो. भीतीने वाढलेला वेग हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. हा तसा नसतो. डॉक्टरांनी एकदा निदान केलं असेल तर घरी करायचा एक उपाय आहे : अर्धवट बसून पंधरा सेकंद जोर लावून फुंकायचं, दहा मिलिच्या रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतकं, आणि लगेच आडवं होऊन दुसऱ्याने पाय उचलून धरायचे, आणखी पंधरा सेकंद. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, नुसतं बसून फुंकणाऱ्यांची १७ टक्के. निदान झालेलं नसेल तर हे प्रयोग नकोत, आधी झटका चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. तो कागद लाखमोलाचा असतो.

मनगटावरची घड्याळं आता हे सगळं करू बघतात. ज्या घड्याळावर बोट ठेवून ईसीजीची पट्टी निघते, ती पट्टी धडधड होतानाच काढली तर डॉक्टरला खरोखर मदत होते. नुसता 'नाडी अनियमित' असा संदेश आला तर तो निदान नाही, तपासणीचं निमंत्रण आहे. आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणाऱ्यांना मी ते काढून कपाटात ठेवायला सांगते. बघण्यानेच ठोके वाढतात.

कधी थांबायचं नाही

सुटा ठोका एकटा आला तर सहसा निरुपद्रवी असतो. त्याच्यासोबत कोण आलंय, हे बघायचं.

धडधडीबरोबर छातीत दाब किंवा कळ, धाप, दरदरून घाम, शुद्ध हरपणं किंवा हरपेल असं वाटणं, तोंड वाकडं होणं, हाताची ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा किंवा जवळचं कॅज्युअल्टी गाठा. जवळचं, आवडीचं नव्हे. बोरिवलीला राहणाऱ्या माणसाला ओळखीचे डॉक्टर आहेत म्हणून ट्रॅफिकमधून परळला आणू नका. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे या सगळ्यांची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. स्वतः गाडी किंवा बाइक चालवत जाऊ नका. लोकलमध्ये झालं तर 'विरार आलं की बघू' म्हणू नका, पुढच्याच स्टेशनला उतरून स्टेशन मास्तरांना सांगा. समोरचा माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ लावायला सांगून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल, दाबत राहा.

कुठलाच त्रास नसला तरी बसल्या जागी नाडी १२०-१३० च्या वर गेली आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरली नाही, तर त्याच दिवशी दाखवा.

काही गोष्टी जोराच्या वाटत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. धावताना, पोहताना, जिना चढताना कुणी बेशुद्ध पडलं, मग ते सोळा वर्षांचं का असेना, तर 'उपाशी होता' म्हणून सोडू नका. उन्हात बराच वेळ उभं राहून, आधी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं वेगळं. धावता धावता पडणं वेगळं. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक, कारण न कळता गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे अशा मृत्यूबद्दल बोलत नाहीत, 'बाहेरचं काही' म्हणून विषय मिटतो. पण काही विजेचे दोष आणि हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आजार घराण्यात उतरतात, आणि साध्या ईसीजी-एकोने (एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) त्यातले बरेच पकडता येतात. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी, हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी नव्या धडधडीसाठी वाट बघू नये.

आणि एक माझी चूक. घरकाम करणाऱ्या, चाळिशीच्या एक बाई 'धडधडतं, दमायला होतं' म्हणून यायच्या. रक्त कमी होतं, चार घरची कामं होती, नवरा पीत होता. मी दोनदा लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाठवलं. नाडी पंधरा सेकंद मोजली असणार. तिसऱ्या वेळी पूर्ण मिनिट बोट ठेवलं आणि पागोळ्या लागल्या. मग विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, गावाला लहानपणी घसा दुखून ताप आला होता, सांधे सुजले होते, महिनाभर शाळा बुडाली. तो संधिवाताचा ताप होता, आणि त्याने हृदयाची झडप अरुंद केली होती. एकोवर सगळं दिसलं. अशा झडपेसोबत फिब्रिलेशन असेल तर गुठळीचा धोका फार मोठा असतो आणि रक्त पातळ करणारी गोळी नियमित घ्यावी लागते. त्यात जुनी, दर महिन्याला रक्त तपासून मात्रा ठरवावी लागणारी गोळीच नव्या महाग गोळीपेक्षा सरस ठरते, असं २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. त्यांना लकवा झाला नाही, यात माझं कर्तृत्व काही नाही.

तपासण्या, आणि न घ्यायची औषधं

ईसीजीची नोंद साधारण दहा सेकंदांची असते. दिवसात पाच वेळा फडफडणारा मासा नेमका त्या दहा सेकंदांत सापडेलच असं नाही. म्हणून 'ईसीजी नॉर्मल आहे' याने शंका पुरती फिटत नाही. पण हृदयाला जुनी इजा आहे का, विजेचा मार्ग सदोष आहे का, हे त्यातून कळतं. म्हणून तो काढायचाच. बरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम. गरजेनुसार मॅग्नेशियम आणि टू-डी एको. एकोत हृदयाची रचना आणि पंपिंग ठीक असेल तर माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. स्ट्रेस टेस्टमध्ये पळायला लागल्यावर आगाऊ ठोके नाहीसे झाले तर तेही चांगलं लक्षण. उलट पळताना वाढले तर हृदयरोगतज्ज्ञाकडे.

सतत नोंद हवी असेल तर होल्टर. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी बनवलेलं पहिलं यंत्र ३८ किलोंच्या आसपास होतं आणि ते पाठीवर बांधून फिरावं लागे. आता ते काडेपेटीहून थोडं मोठं असतं. २४ किंवा ४८ तास छातीला चिकटवून ठेवायचं, अंघोळ नाही, आणि धडधड झाली की वेळ लिहून ठेवायची. होल्टरच्या रिपोर्टात एकूण ठोक्यांपैकी खालच्या कप्प्यातले आगाऊ किती टक्के, हे बघतात. एक-दोन टक्के असतील आणि एको चांगला असेल तर सहसा काही करावं लागत नाही. साधारण दहा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे दिवसाला दहा हजारांवर गेले, तर नुसत्या या बेतालपणानेच काही जणांचं हृदय हळूहळू दुबळं होतं. अशांना गोळ्या, किंवा मांडीच्या शिरेतून नळी नेऊन ती आगाऊ पेशी जाळून टाकायची पद्धत, असे उपाय आहेत. दुबळं झालेलं हृदय त्यानंतर बऱ्याचदा सावरतं.

मग सगळ्यांनाच ठोके दाबायची गोळी का देत नाही? कारण एकदा दिली होती. ऐंशीच्या दशकात तर्क सरळ होता : हार्ट अटॅकनंतर आगाऊ ठोके असणारे जास्त दगावतात, तर ते ठोके दाबा. अमेरिकेत मोठी चाचणी घेतली. गोळ्यांनी ठोके छान दाबले. आणि गोळी घेणारेच जास्त मेले. १९८९ मध्ये त्यातल्या दोन औषधांची चाचणी मधेच थांबवावी लागली. म्हणून त्रास फार नसेल आणि हृदय चांगलं असेल, तर 'काही देऊ नका' हे सुद्धा उपचारच आहेत. फारच त्रास असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आवरणारं औषध, देतात. ते बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करायचं नसतं, धडधड उलटून दुप्पट होते.

मावशींची पापणी पांढरी होती. ईसीजी स्वच्छ. नाडी नियमित, मध्ये दोन फटी. दात कशाने घासता, विचारलं. त्या हसल्या.

होल्टर लावायचं म्हटलं तर त्यांचा पहिला प्रश्न बर्फाचा. टोपलीतलं पाणी सांडून यंत्र बिघडलं तर पैसे कोण भरणार? म्हणाल्या, संकष्टीला लावा, त्या दिवशी गिऱ्हाईक नसतं, घरी पडून राहते. मी नको म्हटलं. घरी पडून मासा उडाला नाही तर काय उपयोग? शेवटी रविवार ठरला, धंद्याचा दिवस, वरून प्लास्टिकची पिशवी बांधून. वेळा लिहायचं काम नातवाला दिलं. त्याने शाळेच्या वहीत लिहून आणलं : "पहाटे ५.१०, डॉकवर उडाला. ५.४०, टोपली डोक्यावर घेताना. ११, गिऱ्हाइकाशी भांडताना, जोरात." अशा अकरा नोंदी.

यंत्राने मोजले होते एक लाख तीन हजार ठोके, त्यातले खालच्या कप्प्यातले आगाऊ १,९००. दोन टक्क्यांच्याही आत. नातवाच्या अकरा वेळांपैकी आठ वेळा आगाऊ ठोका खरंच होता. भांडणाच्या वेळी नुसता वेग होता, एकही मासा नव्हता.

"एकोणीसशे?" मावशी म्हणाल्या. "मग बाकीचे मला कसे नाय कळले?"

हिमोग्लोबिन ८.४ निघालं होतं. एको चांगला. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे तीनदा सांगितलं, आणि मिश्रीबद्दल पुढच्या वेळी बोलायचं ठरलं.